उधारीची वही आणि काचेचं दार

आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात असते तशी लांबट चोपडी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक नाव, नावापुढे गाव आणि खाली महिन्यांचे रकाने. दोन वेळचं जेवण, गावी गेल्याचे वजा दिवस, पाहुण्याचं एखादं जादा ताट, मिळालेले पैसे, बाकी. आई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर वेडंवाकडं, पण हिशोब चोख. १९८२ च्या जानेवारीपर्यंत बहुतेक पानांवर बाकी शून्य आहे किंवा शून्याच्या आसपास. फेब्रुवारीपासून ‘मिळाले’ हा रकाना मोकळा राहू लागतो. दिवाळीनंतर नोंदी थांबतात. मागची पंधरा-वीस पानं कोरी आहेत.

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आई खाणावळ चालवायची. वडील गिरणीत साळखात्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांची होते. शाळेतून आल्यावर ताटं घासणं, वाण्याकडून सामान आणणं आणि कुणी ताट वाढवलं तर आईला आठवण करून देणं ही माझी कामं.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून आणि आता स्वेच्छानिवृत्तीनंतर गेली दहाएक वर्षं मी गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या पट्ट्यातल्या खाण्याच्या जागांची माहिती गोळा करते आहे. सुरुवात केली तेव्हा निष्कर्ष आधीच ठरलेला होता. एकच नाव, एकच पाटी, एकच चव असलेली मोठ्या कंपन्यांची साखळी दुकानं आली आणि आपल्या खाणावळी, आपले इराणी, आपली उपाहारगृहं बुडाली, असं मी धरून चालले होते. आपल्याकडे बहुतेक लोक तसंच बोलतात. म्हणून मी एका कागदावर तारखा मांडल्या, आणि त्या कागदावरच माझा निष्कर्ष अडखळला.

मॅकडॉनल्ड्सचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उघडलं आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. आईची वही थांबली १९८२ साली. मधे चौदा वर्षं जातात. ज्याच्यावर मी खुनाचा आरोप ठेवला होता तो घटनेच्या वेळी गावातच नव्हता. मग खाणावळ कशाने गेली? आणि जी उपाहारगृहं आजही चालतात ती कशाच्या बळावर? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना जे हाती आलं ते इथे मांडते.

खाणाराच गेला

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग गिरण्यांनी भरला. कोकणातून आणि घाटावरून पुरुष आले. बायकामुलं मागे गावी शेतीवर राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पाचशेच्या थोडीच वर होती. हा एक आकडा लक्षात घेतला की खाणावळ का जन्मली ते कळतं. एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामाला जाई तेव्हा दुसरी अंथरुणावर येई. अशा खोलीत चूल पेटवणार कोण आणि कधी?

ती चूल शेजारच्या खोलीत पेटली. कुणी विधवा, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाच्या घरात एका पगारात भागत नसे, अशा बायकांनी महिन्याच्या बोलीवर जेवण घालायला सुरुवात केली. भोंग्याप्रमाणे पंगती उठायच्या. सकाळच्या पाळीच्या आधी एक, दुपारी पाळी सुटल्यावर एक, रात्री उशिरा एक. आई पहाटे चारला उठायची. भाकरी, एक भाजी, आमटी, भात. रविवारी मटण किंवा मासे, आणि त्या दिवशी जेवणारे हमखास दोन भाकऱ्या जास्त खात. त्याचे वेगळे पैसे नसत. महिनाभर हात आखडून ती रविवारची भर काढायची.

खाणावळ उधारीवर चाले. जेवणारा पगाराच्या दिवशी पैसे देई. तोवर खाणावळवाली वाण्याकडून उधार माल आणी. वाणी हात आखडू लागला की ती व्याजाने पैसे काढी. म्हणजे गिरणीचा पगार, खाणावळ, वाणी, सावकार अशी ही साखळी होती. पगार थांबला की धक्का थेट चुलीशी पोचे. १९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला तेव्हा हे उघड दिसलं. संपकऱ्यांना जेवू घालणाऱ्या बायका कर्जात रुतल्या.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, त्यामुळे लहान धंद्याला कर्ज द्या म्हणून बँकेचं दार ठोठावता येऊ लागलं होतं. गहाण ठेवायला या बायकांकडे काही नव्हतं. त्यांनी एकमेकींची हमी दिली आणि कर्ज फेडलं. पुढे जगभर गाजलेल्या लघुकर्जाच्या कल्पनेची ही आपल्याकडची एक सुरुवातीची पायरी आहे, आणि ती खाणावळवाल्यांनी घडवली. आमच्या चाळीतल्या दोघी-तिघी मंडळाच्या सभासद होत्या. आई नव्हती. वडिलांना कर्ज हा शब्दच आवडत नसे. उधारी मात्र त्यांना कर्ज वाटत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतल्याचं कुणीच जाहीर केलं नाही. आमच्या घरी एकाच वेळी दोन्ही बाजू कोसळल्या. वडिलांचा पगार थांबला आणि आईच्या पंगतीचाही. आई पहिले काही महिने सगळ्यांना वाढत राहिली. मग मटण गेलं, मग भाजी गेली, मग आमटी पातळ झाली. जेवणारे एकेक करून गावी निघाले. जाताना वहीवर अंगठा किंवा सही करून म्हणत, ‘काकी, संप मिटला की पहिला तुमचाच हिशोब.’ ते खोटं बोलत नव्हते. संपच मिटला नाही.

तेव्हा खाणावळ संपली ती खाणाराच उरला नाही म्हणून. तिच्या जेवणाहून चविष्ट किंवा स्वस्त असं काही समोर आलं म्हणून ती गेली नाही. हे आधी नीट मान्य केलं पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा वाद चुकीच्या जागी जातो.

वेगळं ताट

आईच्या वहीतली नावं मी एकदा गावांप्रमाणे मांडून पाहिली. जवळजवळ सगळी आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातली निघाली, आणि सगळी आमच्याच जातीची. यात आश्चर्य नव्हतं. गिरणगावातली खाणावळ गाव आणि जात धरूनच चाले. जो तो आपल्या हातचं जेवे. अपवाद एकाच पानाचा. डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत राहणारा एक कामगार, वडिलांचा खात्यातला मित्र. तो काही महिने आमच्याकडे जेवला. त्याचं ताट दाराशी वेगळं ठेवलेलं असे आणि ते तो स्वतः विसळत असे. बाकीची ताटं मी घासायची, ते एक नाही. लहानपणी मला वाटायचं, तो फार सज्जन आहे, मला काम देत नाही. मोठेपणी आईला विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘एका पंगतीत बसवलं असतं तर बाकीचे उठून गेले असते.’

हे लिहायचं नाही असं मी एकदा ठरवलं होतं. पण हे वगळून ‘आपल्या’ खाणावळीचं गुणगान केलं तर तो इतिहास होणार नाही. आपली म्हणजे कुणाची, हा प्रश्न मुंबईतल्या खाण्याच्या प्रत्येक जागेला लागू आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरगाव-दादरला निघालेल्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘हिंदू’, ‘ब्राह्मणी’ असे शब्द असत. दादरला १९१० साली सुरू झालेलं मामा काणे यांचं उपाहारगृह ‘स्वच्छ उपाहारगृह’ म्हणूनच ओळखलं गेलं. त्या काळात स्वच्छ या शब्दात धुतलेली भांडी येत, तसा स्वयंपाक कुणाच्या हातचा हेही येई. बाहेर खाणं हेच जिथे कमीपणाचं मानलं जात होतं तिथे गिऱ्हाइकाला भरवसा देण्याची ती रीत होती. पण ज्याला त्या शब्दाने बाहेर ठेवलं त्याच्या बाजूने पाहिलं तर ती नुसती रीत राहत नाही.

याच काळात कोपऱ्यांवर इराणी आले. याझद आणि केरमान भागांतून आलेली ही माणसं. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली असं सांगितलं जातं. धोबीतलावला, जिथून गिरगावचा रस्ता सुरू होतो तिथे, १९०४ सालचं कयानी आजही आहे. इराण्याकडे संगमरवरी टेबलावर ज्याला पैसे पडतील त्याने बसावं. चहा पिणाऱ्याला जात विचारायला मालक रिकामा नसे. वडिलांचा तो मित्र आणि वडील पाळी सुटली की इराण्याकडे एकाच टेबलाशी बसत, एकसारख्या कपात चहा पीत. दोनशे पावलांवर आमच्या खोलीत मात्र ताटं वेगळी. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून अडवायला बंदी केली, १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. घरातल्या पंगतीला मात्र कायदा पोचत नव्हता.

आणखी एक गोष्ट कबूल करते. लग्नाआधी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने बाहेर बसून खाल्लं ते एका साखळी दुकानात. ऑफिसातून सुटले होते, पाऊस होता, भूक होती. आपल्या उपाहारगृहात एकटी बाई टेबल अडवून बसली की चार नजरा वळत आणि वेटर बिल लवकर आणी. इराण्याकडे बायकांसाठी फॅमिली रूम असे, पण तिथे शिरायला फॅमिली लागे. इथे काचेचं दार ढकललं, पैसे आधी दिले, खिडकीशी बसले, अर्धा तास कुणी काही विचारलं नाही. त्या बटाट्याच्या टिक्कीची चव आता आठवत नाही. तो अर्धा तास आठवतो.

भाडं कुणाला किती

खाणावळ १९८२ ला गेली. पण इराणी आणि उपाहारगृहं त्यानंतरही होती, आणि त्यांच्यापैकी बरीच गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बंद झाली. गिरगावच्या खोताच्या वाडीतला अनंताश्रम, जिथल्या माशांच्या जेवणासाठी लोक मुंबईभरातून येत, तोही मिटला. इथे तरी साखळी दुकानांचा हात असेल, असं मला वाटलं. म्हणून मी जुन्या हॉटेलवाल्यांना, त्यांच्या मुलांना, चाळींच्या मुनिमांना एकच प्रश्न विचारत गेले: बंद का केलं? ‘गिऱ्हाईक कमी झालं’ असं म्हणणारे थोडे भेटले. ‘मुलं या धंद्यात येत नाहीत’ आणि ‘जागेचे पैसे आले’ ही दोन उत्तरं पुन्हा पुन्हा आली. हा प्रश्न चवीचा कमी आणि जागेचा जास्त आहे हे मला तिथे कळलं.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर शहरात जागेची ओढाताण होती तेव्हा हे भाडेकरूंसाठी गरजेचं होतं. पण ती भाडी पुढे पन्नास वर्षं जवळपास तिथेच राहिली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गोठा आता वाजवी राहिला नसल्याचं म्हटलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाडेवाढ वर्षाला चार टक्के ठरली, आणि पागडी, जी आजवर टेबलाखालून चाले, तिला कायद्याची मान्यता मिळाली.

या कायद्यात एक तरतूद आहे जिच्याकडे खाण्यावर लिहिणाऱ्यांचं लक्ष जात नाही. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. वरवर पाहता ही तरतूद बड्यांच्या विरुद्ध आणि छोट्या हॉटेलवाल्याच्या बाजूची. परिणाम उलटा झाला. घरमालकाच्या नजरेने पाहा. जुना हॉटेलवाला म्हणजे महिन्याला काही शे रुपये आणि पिढ्यान्‌पिढ्या न सुटणारी जागा. मोठी कंपनी म्हणजे बाजारभावाचं भाडं आणि कराराची मुदत संपताच मोकळी होणारी जागा. कायद्याने तिला संरक्षण नाकारलं म्हणूनच ती घरमालकाला प्रिय झाली. जुना भाडेकरू निघून जावा असं वाटण्याचं कारण घरमालकाला आता पूर्वीपेक्षा जास्त होतं, आणि निघून जाण्यासाठी द्यायला पैसाही.

गल्ल्याच्या पलीकडूनही पाहू. साठी उलटलेला मालक पहाटेपासून गल्ल्यावर बसलेला. मुलगा इंजिनिअर, मुलगी परदेशात. आचारी गावी गेला तर परत येईल याची खात्री नाही. जागा सोडली तर आयुष्यभर वडे तळून मिळाले नसते इतके पैसे एका सहीत मिळतात. त्याने सही केली तर त्याला दोष देणारे आपण कोण? आपण तरी त्याच्याकडे महिन्यातून कितीदा जात होतो?

साखळी दुकान येतं ते बहुधा अशा रिकाम्या झालेल्या जागेत. समोरासमोर झुंज होऊन एक हरला, असं फार क्वचित घडतं. गिरण्यांच्या जमिनींचं तेच झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या सुमारे सहाशे एकर जमिनीचे तीन वाटे करायचे ठरवलं होतं: एक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशोब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. कमला मिलच्या गच्चीवर हॉटेलं थाटली गेली, जिथे २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले. या आवारांत आज माणसं जेवतात, तिथेच एकेकाळी गिरणी कामगार काम करत होते. त्यांच्या जागी दुसरे खाणारे आले, आणि त्या खाणाऱ्यांच्या मागून त्यांची हॉटेलं आली.

वड्याची साखळी

स्थानिक आणि साखळी यांची खरीखुरी गाठ जिथे पडली ते ठिकाण म्हणजे वडापाव. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याच सुमारास दादरलाच सुधाकर म्हात्रे यांनीही तो सुरू केला, असंही सांगतात. हक्क कुणाचाही असो, गाव दादर आहे, आणि कारण गाडी पकडायच्या घाईतल्या माणसाची भूक हे आहे. संपानंतर कितीतरी गिरणी कामगारांनी वड्याची गाडी लावली. आमच्या वडिलांनीही दोन वर्षं लावली. कढईपुढे उभं राहायची त्यांना लाज वाटे. साळखात्यातला माणूस, चार माग सांभाळणारा. पण आईच्या वहीतलं वाण्याचं देणं त्याच गाडीने फेडलं.

या वड्याची पहिली मोठी साखळी परदेशातून आली नाही. २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंग निघालं, २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव. कारखान्यात एका मापाचे वडे करायचे, गोठवून दुकानांत पाठवायचे, तिथे फक्त तळायचे, ही पद्धत त्यात आली. हात न लागलेला, सगळीकडे सारखा वडा, ही त्यांची जाहिरात. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव काय सांगतो? साखळ्या वाढल्या, टिकल्या. पण दादर, परळ, लालबागच्या गाड्या त्यांनी संपवल्या नाहीत. गाडीवाल्याला भाड्याचा प्रश्न जवळजवळ नाही, राबणारं घरचं माणूस आहे, आणि तो वडा तुमच्या डोळ्यांदेखत तळतो. जिथे जागेचा खर्च मधे येत नाही तिथे स्थानिक माणूस साखळीपुढे सहज उभा राहतो. गाडीला भीती महापालिकेच्या गाडीची असते, काचेच्या दाराची नाही.

सरकारनेही एक साखळी काढून पाहिली. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. अनुदान आटलं तशी केंद्रं आटली, आणि अनेक ठिकाणी त्या मोक्याच्या जागांवर दुसरंच काही विकलं जाऊ लागलं. इथेही शेवटी उरली ती जागा.

दादर का टिकलं

मग टिकलं काय आणि का? दादरला शिवसेना भवनासमोर आस्वाद १९८६ मध्ये सुरू झालं, म्हणजे गिरणगावातल्या खाणावळी मिटत होत्या त्याच वर्षांत, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका खाद्यपुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं. प्रकाशकडे साबुदाणावडा आणि पियूषसाठी लोक आजही ताटकळतात. गिरगावात विनय हेल्थ होममध्ये मिसळ, भारतमाताजवळ लाडू सम्राट. मराठी पदार्थ हरले असं म्हणायला जागा नाही. पणशीकरांनी तर गिरगाव आणि दादर दोन्हीकडे दुकानं मांडली, म्हणजे छोटी साखळी मराठी माणसालाही वर्ज्य नव्हती.

पण या जागांचा गिऱ्हाईक पाहा. खरेदीला आलेलं कुटुंब, नाटकाला आलेली मंडळी, परदेशातून सुट्टीवर आलेले पाहुणे. इथे माणूस आवडीने, प्रसंगाने जातो. रोज दोन वेळ, महिन्याच्या बोलीवर, नाव-गाव माहीत असलेला जेवणारा इथे नाही. ते काम आज पोळीभाजी केंद्रं करतात. दादर-गिरगावच्या कुठल्याही गल्लीत पाहा: तळमजल्यावरची एक खोली, चार बायका पोळ्या लाटताहेत, संध्याकाळी सहानंतर रांग. फरक इतकाच की पूर्वी जेवणारा गावाहून आलेला एकटा पुरुष होता, आता रांगेत ऑफिसातून घरी निघालेली बाई आहे. खाणावळीची खरी वारस मला तिथे दिसते. चार पोळ्या कमी पडल्या तर तिथली बाई अजूनही म्हणते, ‘उद्या द्या.’

हे सगळं मांडून झाल्यावर जुन्या कागदावरचा माझा निष्कर्ष मी बदलला. स्थानिक खाण्याची जागा तीन गोष्टींवर उभी असते: परवडणारी जागा, रोजचा खाणारा आणि घरच्या माणसाचे, बहुतेक वेळा घरच्या बाईचे, न मोजलेले कष्ट. खाणावळीचा खाणारा गेला. इराण्याची जागा गेली. उपाहारगृहाच्या पुढच्या पिढीने न मोजलेले कष्ट करायला नकार दिला, आणि तो नकार मला गैर वाटत नाही. साखळी दुकानाला यातलं काहीच लागत नाही. त्याच्याकडे बाजारभावाचं भाडं द्यायला भांडवल असतं, खाणारा ओळखीचा नसला तरी चालतो आणि कष्ट पगारी असतात. म्हणून ते मोकळ्या जागेत मावतं. त्याच्यावर बहिष्कार घालून खाणावळ परत येणार नाही. चाळीतल्या चाळीस माणसांना राहायला परवडेल असं शहर असेल तर त्यांना वाढणारी कुणी ना कुणी उभी राहील, आणि मग ताटं वेगळी न ठेवण्याची जबाबदारी आपली.

आता वहीविषयी शेवटचं. आमची चाळ पुनर्विकासात गेली. उपकरप्राप्त इमारतींच्या नियमाप्रमाणे दुकानदाराला त्याच्या जुन्या दुकानाएवढी जागा मिळते. तळमजल्याच्या वाण्याला ती मिळाली. करारात त्याच्या दुकानाचं नाव आहे, माप आहे. आईच्या खाणावळीचा उल्लेख कुठेही नाही. असणार कसा? ती राहती खोली होती. गुमास्ता परवाना नव्हता, पाटी नव्हती, कर नव्हता. गिरणगावाला शंभर वर्षं जेवू घालणाऱ्या या जागांची सरकारदरबारी नोंद नाही. मोठ्या हॉटेलांची स्मरणिका निघते, शतकमहोत्सव होतो. खाणावळीचा पुरावा म्हणजे फक्त अशा वह्या, आणि त्या बहुतेक रद्दीत गेल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून घेतला, म्हणून या बायकांचा आवाज थोडाफार उरला. वह्या अजून कुणी गोळा केलेल्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणाची आजी, आई, मावशी लालबाग, परळ, नायगाव, वरळी, शिवडीला खाणावळ चालवत असेल, तर माळ्यावर एकदा पाहा. लांबट लाल चोपडी असेल, नाहीतर शाळेची जुनी वही असेल. त्यात बाकी राहिलेली रक्कम वसूल करायची नाहीये. नावं, गावं, सुट्टीचे वजा दिवस, रविवारचं जादा ताट एवढं उतरून ठेवा. आणि कुठे एखादं ताट वेगळं ठेवलेलं आढळलं, तर तेही लिहा.